एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या मोठ्याने वाचायला गेलं की रोजच्या बोलण्यातले शब्द अर्ध्या वाटेतच संपतात. लाख, कोटी, फार तर अब्ज. त्यापुढे भास्कराचार्यांकडे जावं लागतं. ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यांनी स्थानांची नावं एका दमात सांगितली आहेत: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध हे अठरावं स्थान. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या उंबरठ्यावर थांबलेली. ती अशी वाचायची: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एकदा मोठ्याने म्हणून बघाच. पहिली आठ नावं एकेका अंकाला एकेक मिळतात आणि सूर चढत जातो. मग कोटीपाशी आपली ओळखीची भाषा सुरू होते.

केवढी आहे ही? सेकंदाला एक या वेगाने, झोप न घेता मोजत बसलं तर सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसातून घडला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आज मोजणी संपवायची असती, तर सह्याद्री नव्हता तेव्हापासून सुरुवात करायला हवी होती.

तरीही ती चौथी-पाचवीच्या गणितातून निघते, म्हणून मला ती इतकी प्रिय आहे. १११११११११ ला १११११११११ ने गुणा. बस.

माझी भाची सहावीत गेली त्या सुट्टीत मी तिला हा गुणाकार चौकटीच्या वहीत मांडायला लावला, एका घरात एक अंक. गुणाकाराच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ वेळा १, आणि प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे स्तंभ मोजायचे. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १, शेजारच्यात दोन, मग तीन, असं चढत मधल्या स्तंभात नऊ, आणि पुन्हा उतरत डाव्या टोकाला एक. उत्तर लिहावं लागतच नाही, ते तिथे असतंच. याच ओळी न सरकवता एकाखाली एक लिहिल्या असत्या तर नऊ बाय नऊचा चौरस झाला असता. त्या चौरसाच्या तिरप्या रेघा मोजल्या तरी हेच मिळतं: कोपऱ्यात एक, मग दोन, मधल्या कर्णावर नऊ, आणि समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एक. ओळी सरकवल्या की तिरपे कर्ण उभे होतात, एवढंच घडतं. म्हणून हिला वर्गसंख्या म्हणताना मला कागदावरचा तो खराखुरा चौरस दिसत राहतो.

इथे सगळं काही एका गोष्टीवर टेकलेलं आहे: हातचा येत नाही. कुठल्याच स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, त्यामुळे प्रत्येक स्तंभ आपलं मोजमाप आपल्याच घरात ठेवतो. मांडणीत १ हा अंक एकूण ८१ वेळा आला, तर उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१ च भरते. काही हरवत नाही.

भाचीने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. “मामा, दहा वेळा एक घेतला तर?” केलं. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “चढतानाचा आठ कुठे गेला?”

आठ हातच्याने नेला. मधल्या स्तंभात आता दहा झाले. तिथे शून्य राहिलं आणि हातचा एक डावीकडे गेला. तिथे आधीच नऊ होते, त्यांचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापलीकडे आठ होता, त्याचा नऊ झाला. उतरणीवरचे अंक मात्र जसेच्या तसे राहिले, कारण हातचा उजवीकडे जात नाही. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. १०० यायला हवी होती, येते ८२. एक हातचा म्हणजे एका घरातले दहा जाऊन शेजारी एक येणं, म्हणजे बेरजेतून नऊ कमी. दोन हातचे, अठरा कमी. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

हाच हरवलेला आठ आणखी एका ठिकाणी हरवतो. १ ला ८१ ने भागलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं न संपणारं उत्तर येतं, आणि त्यात आठ कुठेही नाही. १/९ म्हणजे ०.१११…, त्याचा वर्ग १/८१. तीच मांडणी, फक्त न संपणारी. नऊच्या पुढे दहा येतात, हातचा निघतो आणि आठाचा नऊ करून टाकतो. दोन वेगळ्या वाटणाऱ्या नवलांच्या मुळाशी एकच कारण सापडतं, तेव्हा होणारा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

संगणकाचंही सांगायला हवं. बऱ्याच स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी धरतात. तिथे हा वर्ग काढला की १२३४५६७८९८७६५४३०० असं दिसतं. वेब पानांच्या मागे चालणाऱ्या भाषेत साध्या पद्धतीने गुणाकार केला तर शेवटी ३२० येतं, शेवटचा १ गायब. त्या पद्धतीत २ च्या ५३ व्या घातापर्यंतच्याच सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या बसतात. त्यापुढे काही अंतर फक्त सम संख्याच बसतात, आणि आपली संख्या तर विषम. मोठ्या संख्यांसाठी वेगळी सोय असते, ती वापरली की उत्तर बरोबर येतं. पण चौकटीची वही आणि पेन्सिल पहिल्याच फटक्यात बरोबर असतात, हे मी भाचीला मुद्दाम दाखवलं.

आता कापरेकरांकडे वळतो. खरं तर मी या संख्येपाशी आलो तो त्यांच्यामुळेच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, संशोधनसंस्थेचं छत्र नव्हतं. शाळा सुटली की ते संख्यांकडे वळत, आणि बरंचसं काम त्यांनी स्वतःच छोट्या पुस्तिकांतून छापलं. दारुड्याला जशी ती धुंदी उतरू नये असं वाटतं तसं माझं संख्यांच्या बाबतीत होतं, असं ते स्वतःबद्दल म्हणत. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते; चारही अंक सारखे नकोत) आज त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. गणितातल्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तोवर मास्तर सत्तरीला आले होते.

आपल्या संख्येला कापरेकरांनी जे कुळाचं नाव दिलं ते आहे डेम्लो. मुंबईपासून तीसेक मैलांवर, त्या वेळच्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गावर, या नावाच्या स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात. मी रोज त्याच मार्गाने कामाला जातो. त्या फलाटावर गर्दीत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यात आत्ताही असं काही चालू असेल, असं मला मनापासून वाटतं. १९३९ साली कापरेकर आणि के. आर. गुंजीकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात डेम्लो संख्यांचा सिद्धांत मांडला. कल्पना अशी: संख्येचे तीन भाग पाडा. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा ओळीने अनेकदा. डावा आणि उजवा भाग मिळवले की तोच अंक मिळाला पाहिजे. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आता आपली संख्या तोडा: १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. दोन्ही बाजू मिळवल्या की ९९९९९९९९. आठही घरांत नऊ, आणि मधे उभा असलेलाही नऊच.

हा मोह कापरेकरांच्याही फार आधीचा आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात काही गुणाकार आहेत ज्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्हीकडून सारखी दिसतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की १११११११११. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलं की १२३४५६५४३२१, म्हणजे एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी. आपल्या संख्येचं धाकटं भावंडच ते. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे हाताने करून पाहिलं आणि त्याला हार म्हणावंसं वाटलं.

कापरेकरांनी दुसरी एक जात शोधली, तिचं नाव हर्षद. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून बघा. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. शिवाय हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. महावीराचार्यांच्या हारातली तीच बिनआठाची संख्या इथे मुळाशी येऊन बसते.

सगळ्याच भावंडांना हे जमतं का? १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भाग जातो, उत्तर ३७ चा वर्ग. १२३४३२१ ला १६ ने भाग जाणार नाही, ती विषम आहे. असं एकेक तपासत गेलं की पहिल्या नवांत फक्त तीनच हर्षद निघतात: एक वेळा १, तीन वेळा १ आणि नऊ वेळा १ यांचे वर्ग. बाकी सहा फक्त दिसायला तशा.

आणि कापरेकर संख्या? ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत मिळते ती. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणा. ९९९९९९९९८००००००००१ येतात. हा ९९९९९९९९९ चा वर्ग आहे. तुकडे करा: ९९९९९९९९८ आणि १. मिळवा: ९९९९९९९९९. म्हणजे भागलं तर हर्षद, गुणलं तर कापरेकर संख्येचा वर्ग, आणि स्वतः डेम्लो. एका शाळामास्तराच्या तीन कल्पना एकाच संख्येच्या अंगणात भेटतात.

आता हिच्या पोटात शिरू. १११११११११ चे मूळ अवयव पाडले की ३, ३, ३७ आणि ३३३६६७ मिळतात. वर्ग असल्यामुळे आपल्या संख्येत हे सगळे दुपटीने येतात: चार वेळा ३, दोन वेळा ३७, दोन वेळा ३३३६६७. या तिघांचं एक वैशिष्ट्य आहे. १/३ चं दशांश रूप एका अंकाच्या आवर्तनाने चालतं, आणि असं एका अंकाचं आवर्तन देणारी ३ ही एकच मूळ संख्या आहे. १/३७ म्हणजे ०.०२७०२७…, तीन अंकांचं आवर्तन, आणि ते देणारी मूळ संख्या फक्त ३७. १/३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, नऊ अंकांचं, आणि ते देणारीही जगात एकच. बाहेरून डोंगरासारखी चढती-उतरती दिसणारी संख्या आतून या तीन एकट्या संख्यांची बनलेली आहे. हे पहिल्यांदा पडताळलं तेव्हा मी उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या.

यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. गुंजीकर-कापरेकरांचा लेख आल्यावर वर्षभरात, १९४० साली, केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी अशाच अंकांच्या नवलाबद्दल लिहिलं. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत येतात, २१७८ ची चौपट आणि १०८९ ची नऊपट. हे कोड्यांच्या रकान्याला ठीक, पण गणितज्ञाला भुलवेल असं त्यात काही नाही, असं त्यांचं मत. मुद्दा समजण्यासारखा आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो ते हातांना दहा बोटं असल्यामुळे. आठ बोटं असती तर हे नवल राहिलं असतं का?

तर बघूया. आठाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत, मोजणाऱ्या जगात सात वेळा १ लिहू, कारण तिथे सात हाच सर्वांत मोठा अंक. आपल्या भाषेत ही संख्या २९९५९३. तिचा वर्ग त्यांच्या लिखाणात १२३४५६७६५४३२१. अंकांची बेरीज ४९. आणि २९९५९३ ला ७ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ४९ ने जातो. तिथेही हर्षद! चाराच्या पायावर १११ म्हणजे आपले २१. वर्ग ४४१, त्यांच्या लिखाणात १२३२१, बेरीज ९, आणि ४४१ भागिले ९ म्हणजे ४९. (महावीराचार्यांचा गुणक ४४१ च होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण असे योगायोग मी जपून ठेवतो.)

कारण शाळेतल्या नऊच्या कसोटीत आहे. १०, १००, १००० यांना नऊने भागलं की बाकी नेहमी एक. म्हणून नऊ वेळा १ लिहिला की बाक्या मिळून नऊ, म्हणजे शून्य. आठाच्या जगात ८, ६४, ५१२ यांना सातने भागलं की बाकी एक, आणि सात वेळा १ मिळून सात. कुठलाही पाया घ्या, त्याच्याहून एकने लहान असलेला अंक हेच काम करतो. दहा बोटांशी याचा काही संबंध नाही. हार्डींचा आक्षेप ८७१२ ला कितपत लागू पडतो ते राहू दे. आपल्या संख्येला तो लागू पडत नाही, असं मी ठामपणे म्हणतो. देवळालीच्या मास्तरांच्या कामाला कुणी नुसती करमणूक म्हणालं की मला राग येतो, तो यासाठी.

एक गोष्ट राहिली. कापरेकरांची चौथी कल्पना स्वयंभू संख्यांची. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र असा कुणी जनक नाही, ती स्वयंभू. मग आपली संख्या कोण? हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून बसून काढलं. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागल्यावर बाकी सारखीच राहते. आपल्या संख्येला नऊने भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा आणि त्याच्या अंकांच्या बेरजेलाही. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही. म्हणजे ९, १८, २७ असे १५३ पर्यंतचे सतराच उमेदवार. एकेक वजा करून अंकांची बेरीज घेतली तर दर वेळी ८१ किंवा ९० च येते. म्हणून जुळायचं तर याच दोन ठिकाणी. ९० वजा केले तर बेरीज ८१ येते, जुळत नाही. ८१ वजा केले तर १२३४५६७८९८७६५४२४० उरतात, आणि त्यांची बेरीज ८१. जुळलं. आपली संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि तो एकच.

म्हणजे ८१ ने भागता येतं, ८१ ने गुणून कापरेकर संख्येचा वर्ग मिळतो, आणि ८१ वजा केले की जनक सापडतो. हे शेवटचं तरी दहाच्या पायाची करामत असेल, असं वाटून मी दुसरे पाये तपासले. चारावर ते फसतं: १२३२१ मधून नऊ गेले की १२३०० उरतात, बेरीज सहाच. पण पाच आणि त्यापुढच्या प्रत्येक पायावर ते चालतं, कारण वजाबाकीत शेवटचे ३२१ जाऊन तिथे २४० च येतात. तीन, दोन, एक मिळून सहा, तसे दोन, चार, शून्य मिळूनही सहा. चाराच्या पायावर ४ हा अंकच नसतो, म्हणून तिथे गाडी अडते. पाचाच्या पायावर करून बघा: १२३४३२१ मधून सोळा, म्हणजे त्या लिखाणातले ३१, वजा करा. १२३४२४० उरतील. आता त्यांचे अंक मिळवा.